छोटं टर्बो डिझेल इंजिन लांबपर्यंत टिकवायचं कसं : ऑइलपासून टर्बोपर्यंत सविस्तर

छोट्या डिझेल गाडीबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे डिझेलच्या इंजिनला काही होत नाही, तेल भरा आणि पळवा. दुसरं म्हणजे टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आहे ना, मग आज ना उद्या मोठ्या खर्चात घालणारच. मला दोन्ही पटत नाहीत. माझी स्वतःची गाडी २ लाख किलोमीटरच्या पुढे गेलीये, इंजिन अजून उघडलेलं नाही, टर्बो पहिलाच आहे, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीये की ही इंजिनं आपोआप मरत नाहीत. कुठलातरी छोटा, स्वस्तातला पार्ट आधी बिघडतो, त्याकडे कोणी बघत नाही आणि त्याचं बिल पुढे टर्बोच्या, इंजेक्टरच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट) नाहीतर डीपीएफच्या (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) नावाने येतं. मग मोठा पार्ट बदलला जातो, मूळ कारण तसंच राहतं आणि नवीन पार्टही जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अगदी तसं. म्हणून या लेखात प्रत्येक कामाबरोबर ते का करायचं आणि नाही केलं तर नेमकं काय कशाला मारतं ते पण सांगतोय.

मी ज्या इंजिनांबद्दल बोलतोय ती साधारण १.२ ते १.६ लिटरची, कॉमन रेलवाली (एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल देणारी). म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट (१२४८ सीसी, २००३ मध्ये आलं आणि मग कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसलं), रेनॉचं १.५ डीसीआय (१४६१ सीसी), पूजो-सिट्रोएन आणि फोर्डच्या गाड्यांतलं १.६ एचडीआय (१५६० सीसी) आणि त्यांच्यासारखी बाकीची. या इंजिनांत सगळंच कमी जागेत आणि बारीक मापात आहे. ऑइल बसतं साधारण ३ ते साडेचार लिटर, तेवढ्यावर एवढूसा टर्बो फिरतो, आणि छोटा टर्बो जोरात असताना मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. त्या शाफ्टला बहुतेक वेळा बॉल बेअरिंग नसतं, तो नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत असतो. जुन्या मोठ्या डिझेल इंजिनात ६-७ लिटर ऑइल असायचं, त्यात लिटरभर कमी झालं तरी ते सांभाळून घ्यायचं. इथे ३ लिटरमधलं एक गेलं म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

पहिलं काम : डिपस्टिक

दर १५ दिवसांनी, किंवा लांब प्रवासाच्या आधी, सकाळी गाडी थंड असताना आणि सपाट जागेवर उभी असताना डिपस्टिक काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते खरं नसतं, कारण नळीच्या कडेला लागलेलं ऑइल वर चढलेलं असतं. लेव्हल दोन खुणांच्या मध्यावर किंवा त्याच्या थोडी वर पाहिजे, वरच्या खुणेच्या पुढे अजिबात नाही. आणि रंग काळा दिसला म्हणून घाबरायचं नाही, डिझेलमध्ये नवीन ऑइल टाकल्यावर थोड्याच किलोमीटरमध्ये काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

लेव्हल कमी होत असेल तर किती किलोमीटरमध्ये किती कमी झाली ते लिहून ठेवा. १.३ मल्टिजेटमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, त्याची टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे ऑइल खाली गेलं की चेन ढिली पडते, सकाळी स्टार्ट केल्या केल्या समोरून खडखड येते, आणि तरी तशीच चालवली तर चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. चेन आहे म्हणजे बघायला नको हा समज इथेच नडतो.

लेव्हल वाढत असेल तर ते कमी होण्यापेक्षा जास्त गंभीर आहे आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डीपीएफ असलेल्या गाडीत फिल्टर गरम करून त्यातली काजळी जाळायला इंजिन सिलेंडरमध्ये उशिराने जास्तीचं डिझेल मारतं, त्यातलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. रोज ४-५ किलोमीटरच गाडी चालत असेल तर हे जळण्याचं काम दर वेळी अर्धवट राहतं, परत सुरू होतं, परत राहतं आणि ऑइलमध्ये डिझेल मिसळत जातं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर तुटायला लागतो. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत घेऊन चोळून बघा आणि वास घ्या. डिझेलचा वास येत असेल आणि लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर ऑइल लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

ऑइल कधी आणि कोणतं

पुस्तकात २० हजार, काही गाड्यांत ३० हजार किलोमीटर लिहिलेलं असतं. मी १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष यातलं जे आधी येईल त्याला बदलतो आणि कोणी कितीही सांगितलं तरी यात बदल करणार नाही. १.५ डीसीआयच्या सुरुवातीच्या इंजिनांत लांब अंतराने ऑइल बदलणाऱ्यांच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि बेअरिंग गेलं म्हणजे इंजिनच उघडायचं.

ग्रेड म्हणजे फक्त ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० नाही. डब्याच्या मागे एसीईएचं (युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेचं) स्पेसिफिकेशन असतं, ते आपल्या गाडीच्या पुस्तकातल्याशी जुळलं पाहिजे. डीपीएफ असेल तर सी२, सी३ अशा सी गटातलं, कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. सी३ मध्ये सल्फेटेड ॲशची मर्यादा ०.८ टक्के आहे. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते पण ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती कायमची बसते. चुकीचं ऑइल टाकलं म्हणून उद्या काही होत नाही, पण फिल्टर वेळेच्या खूप आधी भरतो.

घरी बदलणार असाल तर असं करा:

१. गाडी १०-१५ मिनिटं चालवून आणा, ऑइल कोमट झालं की काजळी बरोबर घेऊन निघतं. उकळतं नको, हात भाजतो.

२. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, चाकाला अडण. खाली जायचं तर पक्के स्टँड लावायचे, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

३. वरचं ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक थोडी वर काढून ठेवा, मग खालचा ड्रेन नट सोडा. किमान १५-२० मिनिटं निथळू द्या, शेवटचं जे थेंब थेंब येतं तेच सगळ्यात घाण असतं.

४. फिल्टर बदला. कागदी फिल्टर प्लास्टिकच्या कपात बसणारा असेल तर कपाची रबर रिंग नवीन टाका आणि तिला बोटाने नवीन ऑइल लावून बसवा. जुना फिल्टर उघडून घड्यांमध्ये चमकणारे कण आहेत का ते उजेडात बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे पण बेअरिंग जायला लागलंय हे सगळ्यात आधी इथे कळतं.

५. ड्रेन नटचा वॉशर नवीन, आणि नट ठरलेल्या टॉर्कलाच (घट्टपणालाच). चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे गेले की फार त्रास.

६. सांगितलेल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर आयडलला चालवा, रेझ करायचं नाही, बंद करून ५-१० मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं भरा.

डिझेल फिल्टर

कॉमन रेल पहिल्यांदा पॅसेंजर गाडीत आली ती १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये, तेव्हा दाब १३५० बारच्या आसपास होता, आता कित्येक इंजिनांत तो २००० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाने डिझेल ज्या भोकातून जातं ते केसाएवढं बारीक असतं. आणि हाय प्रेशर पंपाला बहुतेक गाड्यांत वेगळं वंगण नाही, डिझेलच त्याचं वंगण. डिझेलमध्ये पाणी आलं की पंप आतून घासतो, त्याचा बारीक धातूचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग टाकीपासून नोझलपर्यंत सगळं साफ किंवा नवीन करावं लागतं. हे सगळं वाचवणारा पार्ट म्हणजे तो एक फिल्टर.

मी दर दुसऱ्या ऑइल सर्व्हिसला, म्हणजे २० हजारला फिल्टर बदलतो आणि मधल्या सर्व्हिसला खालचा स्क्रू सोडून पाणी काढतो. काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून अर्धा तास ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

बदलताना आधी फिल्टरचा आजूबाजूचा भाग ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ पुसा, एक वाळूचा कण आतल्या बाजूला पडला तरी तो थेट पंपाकडे जातो. पाइप कुठला कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा. नवीन फिल्टर लावल्यावर हाताने दाबायचा प्रायमिंग पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी फक्त ऑन करून १०-१५ सेकंद थांबा, बंद करा, असं चार-पाच वेळा. लगेच सेल मारत बसायचं नाही. कोरडा पंप फिरवणं म्हणजे वरती लिहिलेला चुरा आपल्या हाताने तयार करणं.

आणि एक इशारा, हा सगळ्यांनीच पाळायचा: इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइप कधीही सैल करायचे नाहीत. जुन्या इंजिनात नट सैल करून हवा काढायचे, ती सवय इथे चालत नाही. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, बाहेरून नुसता टोचल्याएवढा डाग दिसतो आणि आतून हात सडायची वेळ येते. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

हवेचा रस्ता, आणि माझा वाचलेला टर्बो

साधारण दीड लाख किलोमीटरला माझ्या गाडीचा पिकअप अचानक पडला. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला दाबली की समोरून सूं... असा आवाज, मागे काळा धूर, आणि चढावर गाडी ओढेचना. ज्या गॅरेजला दाखवली तिथे बॉनेट उघडून दोन वेळा रेझ केलं आणि सांगितलं की टर्बो गेला, नवीनच टाकावा लागेल. मी गाडी घरी आणली, थंड होऊ दिली आणि एअर फिल्टरपासून इंजिनपर्यंत प्रत्येक पाइपवरून उघडा हात फिरवत गेलो. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) खालच्या होजवर, जिथे तो वाकतो तिथे, मागच्या बाजूला बोटाला ओलं लागलं. बोट बाहेर काढलं तर काळपट ऑइल. आरसा धरून बघितलं तर वरून रबर एकदम व्यवस्थित, पण दोन बोटांनी दाबलं की इंचभर चीर तोंड उघडायची आणि सोडलं की मिटायची. म्हणूनच आयडलला काही कळत नव्हतं, दाब चढला की उघडत होती. होज बदलला, क्लॅम्प नवीन टाकले, गाडी पहिल्यासारखी. टर्बो तोच आजही चालतोय.

तेव्हापासून दर सर्व्हिसला हे करतो: सगळे क्लॅम्प हाताने हलवून बघायचे, होज वाकवून, दाबून बघायचे, विशेषतः खालचे आणि मागचे. ताजं ओलं ऑइल एखाद्या जोडावर जमलंय म्हणजे तिथून हवा सुटतेय. इंटरकूलरच्या आत हलकासा ऑइलचा थर असणं मात्र नॉर्मल आहे, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) वाफ येतेच. वाटीभर निघालं तर नॉर्मल नाही.

एअर फिल्टर हवेने मारून परत परत वापरू नका, कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि आत गेलेली धूळ टर्बोच्या पंख्याची धार खाते. त्याच रस्त्यावर आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तो साफ करायचा तर त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर नाही, आणि तारेला हात किंवा कापड लावायचं नाही.

टर्बोवर संशय असेलच तर हवेच्या बाजूचा पाइप काढून, इंजिन बंद आणि थंड असताना, शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा थोडासा हलला तर चालतो, ऑइलचा थर भरायला तेवढी जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे सरकत असेल, किंवा पंखा कडेला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरंच गेलाय. व्हेरिएबल जिओमेट्रीवाला (आतल्या पट्ट्या हलवून दाब बदलणारा) असेल तर त्याची बाहेरची दांडी पूर्ण सरकतेय का बघा, काजळीने आतल्या पट्ट्या जाम होतात. आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बघायला विसरू नका, एक नळी तडकली की दांडी हलत नाही आणि बाहेरून सगळं टर्बो गेल्यासारखंच दिसतं.

इंजेक्टर आणि तांब्याचा वॉशर

१.६ एचडीआयचं उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगतो. इंजेक्टरच्या बुडाशी एक तांब्याचा वॉशर असतो. तो नीट बसलेला नसला की सिलेंडरमधला जळका गॅस इंजेक्टरच्या बाजूने वर येतो, बाहेर डांबरासारखा काळा थर धरतो, आणि काही काजळी आत ऑइलमध्ये जाते. ऑइल घट्ट होतं, गाळ तयार होतो, तो गाळ टर्बोला ऑइल नेणाऱ्या पाइपच्या बारीक जाळीत अडकतो आणि टर्बो उपाशी मरतो. लोकांनी नवीन टर्बो टाकला, पाइप जुना, चेंबरमधला गाळ जुना, वॉशर गळकाच, आणि नवीन टर्बोही थोड्याच दिवसांत गेला, हे त्या इंजिनाच्या बाबतीत इतक्यांदा झालंय की माहितगार मेकॅनिक आता आधी वॉशर आणि ऑइल पाइप बघतो.

त्यामुळे बॉनेट उघडलं की इंजेक्टरच्या मुळाशी टॉर्चने बघायची सवय लावा. तिथे काळं, चिकट, डांबरासारखं काही दिसलं, किंवा थंड इंजिनावर ‘चफ चफ’ असा रेझबरोबर वाढणारा आवाज आला, केबिनमध्ये जळका वास आला, तर वॉशर बदलायचा. काम सोपं आहे पण घाईचं नाही: इंजेक्टर काढला की खालची बैठक कटरने साफ करायची, आत कचरा पडू द्यायचा नाही, वॉशर आणि क्लॅम्पचा बोल्ट नवीन, टॉर्क पुस्तकाप्रमाणे. तसाच घाणीवर नवीन वॉशर बसवला तर तो परत गळतो.

इंजेक्टर स्वतः कमजोर झालाय का ते बघायला रिटर्न टेस्ट करतात. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला (उरलेलं डिझेल परत नेणारा) पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं आयडलला चालवायचं. एकाच बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. सेल मारून मारून गाडी उशिरा सुरू होत असेल, विशेषतः गरम असताना, तर ही टेस्ट सगळ्यात आधी. काही पिएझो इंजेक्टरांना रिटर्नमध्ये ठराविक दाब लागतो, त्यांच्यावर मात्र हा प्रयोग असा उघड्या बाटल्यांनी करायचा नाही.

ईजीआर, डीपीएफ आणि ज्याला कोणी विचारत नाही तो थर्मोस्टॅट

ईजीआर व्हॉल्व्ह एक्झॉस्टमधला थोडा गॅस परत आत सोडतो, त्यातली कोरडी काजळी आणि ब्रीदरमधली ऑइलची वाफ एकत्र आली की मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांत हवा वाटणारा भाग) काळा लगदा जमतो. साधारण ६०-८० हजारला व्हॉल्व्ह काढून साफ करा: कनेक्टर काढा, बोल्ट सोडा, व्हॉल्व्ह उलटा धरून क्लीनर मारा म्हणजे मोटरच्या बाजूला जाणार नाही, मऊ ब्रशने घासा, जोर लावून पट्टी फिरवू नका, पूर्ण वाळू द्या, नवीन गास्केट टाकून बसवा. काही गाड्यांत स्कॅनरने त्याची बंद असतानाची जागा परत शिकवावी लागते.

डीपीएफला काजळी जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. जळणं चालू असताना आयडल थोडं वर राहतं, गाडी बंद केल्यावरही पंखा चालू राहतो, खालून गरम वास येतो, ॲव्हरेज तात्पुरतं पडतं. अशा वेळी घर आलं म्हणून बंद करू नका, अजून १०-१५ मिनिटं फिरवा. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर २०-२५ मिनिटं, एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० आरपीएमवर सलग चालवली तर बहुतेक गाड्यांना डीपीएफचा त्रासच होत नाही. डीपीएफ आतून काढून टाकणं मला मान्य नाही, बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे आणि तो धूर कुणाच्यातरी छातीत जातो.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. हा उघडा अडकला की इंजिन पूर्ण गरमच होत नाही, काटा मध्यावर येत नाही किंवा उतारावर खाली जातो. लोक म्हणतात बरंय, थंड चालतीये. पण थंड इंजिनात बऱ्याच गाड्या डीपीएफ जाळायला सुरुवातच करत नाहीत, जास्त डिझेल मारलं जातं, काजळी वाढते, ईजीआर लवकर भरतो, ऑइलमधलं डिझेल आणि पाणी उडून जात नाही. म्हणजे एक थर्मोस्टॅट ईजीआर, डीपीएफ आणि ऑइल तिघांनाही खातो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा, १०-१५ किलोमीटर चालवून ८५ ते ९० अंशांच्या आसपास स्थिर व्हायला पाहिजे. ७० ला घुटमळत असेल तर डीपीएफवर खर्च करण्याआधी थर्मोस्टॅट बदला.

कूलंट ठरलेल्या प्रकारचंच, डिस्टिल्ड वॉटरबरोबर अर्धं-अर्धं, रंग बघून मिसळायचं नाही कारण रंग म्हणजे प्रकार नाही. लेव्हल कमी होतीये पण खाली थेंब नाही तर ईजीआर कूलर आतून गळतोय का तपासा.

बेल्ट, ग्लो प्लग, फ्लायव्हील

टायमिंग बेल्ट असेल तर किलोमीटर आणि वर्षं दोन्ही बघा, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंप एकदमच. ग्लो प्लग गेला की थंडीत उशिरा स्टार्ट, थोडा वेळ मिसिंग आणि पांढरा धूर, काढताना इंजिन गरम असू द्या आणि जोर करू नका, तुटलेला प्लग हेडमधून काढणं फार अवघड. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनची थरथर शोषणारं दोन भागांचं चाक) असेल तर बंद करताना येणारी खडखड आणि क्लचला जाणवणारी थरथर लक्षात ठेवा, क्लच बदलताना ते तपासूनच घ्या.

चालवताना

स्टार्ट केल्या केल्या रेझ नाही. उभी ठेवून गरम करायची पण गरज नाही, अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने, कारण कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल गरम व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. हायवेवरून किंवा घाट चढून थेट थांबलात तर बंद करण्याआधी मिनिटभर आयडलला ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल थांबतं आणि जळून कोळसा होतं. आणि ॲव्हरेजसाठी १२००-१३०० आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये पाय दाबून घुमवत नेऊ नका. तिथे टर्बो पुरती हवा देत नाही, काजळी होते, बेअरिंगवर आणि फ्लायव्हीलवर मार बसतो. मला विचाराल तर इंजिनं जोरात पळवून जेवढी खराब होतात त्यापेक्षा अशी दाबून चालवून जास्त होतात.

धूर आणि स्कॅनर

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: होज, फिल्टर, ईजीआर, इंजेक्टर या क्रमाने बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंडीत थोडा वेळ चालतो, गरम झाल्यावरही येत असेल आणि गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय.

एक साधा ब्लूटूथ स्कॅनर गाडीत ठेवाच. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, याचा अर्थ टर्बो खराब असा नाही, आधी होज आणि व्हॅक्यूम. पी०४०१ ईजीआरचा प्रवाह कमी. पी००८७ रेलचा दाब कमी, इथे आधी डिझेल फिल्टर. पी२००२ डीपीएफ. कोड नुसता पुसू नका, कोड आला तेव्हाचं तापमान, आरपीएम आणि दाब साठवलेला असतो तो लिहून घ्या, मेकॅनिकला त्याचा खूप उपयोग होतो.

इंजिन ‘पळालं’ तर

हे क्वचित होतं पण माहीत पाहिजे, कारण तेव्हा विचार करायला वेळ नसतो. टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल खूप जास्त भरलं गेलं तर इंजिन स्वतःचं ऑइल हवेच्या रस्त्याने ओढून त्यावरच चालायला लागतं. आरपीएम आपोआप चढतो, मागे निळा-पांढरा धुराचा लोट, आणि चावी काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच एकदम सोडा, इंजिन मरेल. ऑटोमॅटिक असेल तर हवा बंद करायची, म्हणजे एअर इनटेकच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबायची, हात किंवा फडकं नाही, ते ओढलं जातं, किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक इनटेकमध्ये सोडायचा. यातलं काहीच जमत नसेल, किंवा इंजिन किंचाळायला लागलं असेल, तर लांब व्हा. थांबल्यावर परत स्टार्ट करून बघायचा मोह टाळा, टो करूनच न्या. टर्बो बदलताना इंटरकूलर काढून त्यातलं साचलेलं सगळं ऑइल धुऊन काढलंय हे स्वतःच्या डोळ्याने बघा, नाहीतर नवीन टर्बो लावून पहिल्याच स्टार्टला तेच ऑइल परत आत जातं.